हिराक्काच्या लग्नातला पाऊस

आमच्या गावात एखाद्याचं बोलणं खोटं ठरलं, की अजूनही म्हणतात, "आप्पाची भाकणूक झाली." म्हणणाऱ्या पोरांना हे आप्पा कोण, ते ठाऊक नसतं. ते माझे थोरले चुलते. त्यांच्याविषयी गावानं एक गोष्ट ठरवून टाकली आहे, की मुलीच्या लग्नाचा मांडव भरावा म्हणून त्यांनी देवाच्या नावावर खोटं सांगितलं. ती गोष्ट खरी नाही. खरं काय झालं ते दोघांनाच माहीत होतं. त्यातले आप्पा गेले. दुसरा मी, आणि मी आता कठड्याला धरून जिना चढतो. या आठवणींच्या आधीच्या प्रकरणांत आप्पांचा हातमाग आला, त्यांचा खोकला आला, त्यांच्या हातची घोंगडी आली. पण या जागेपाशी पोहोचलो की दर वेळी मी दुसरंच काहीतरी काढून पुढे सरकलो. आता पुढे सरकायला फारशी जागा उरलेली नाही.

आमचं गाव म्हसवडच्या पुढे, माणच्या उघड्या माळावर. सात पिढ्या मेंढरांच्या मागे चालणारी आमची माणसं. दसरा झाला की कळप मावळतीकडे निघायचे, कऱ्हाडच्या खालच्या अंगाला नदीकाठच्या रानांत. तिथले शेतकरी लेंडीखतासाठी रानात मेंढरं बसवून घेत आणि बदल्यात जोंधळा देत. कुणाचं रान कुणाच्या कळपाला, हे बापजाद्यांपासून ठरलेलं असे. मृगाच्या आधी सगळे परत. माझे वडील त्या वाटेवरचेच. वर्षातले सहा-सात महिने ते मला दिसत नसत. आप्पांचा एक पाय लहानपणी मोडून वाकडा बसला होता, म्हणून ते घरी असत. घरी म्हणजे मागावर. ओसरीच्या कडेला खड्ड्यात पाय सोडून ते घोंगडी विणायचे, आणि तो खटक्-धप्, खटक्-धप् आवाज इतका सतत असे, की तो थांबला की घरातलं माणूस दचकून बाहेर येई. त्या आवाजावर थोरली आई, म्हणजे आप्पांची बायको, हुलग्याचं माडगं घाटायची. जळणाचा धूर, ओल्या लोकरीचा वास आणि माडग्यात घातलेल्या लसणाचा वास असा एकच वास त्या घराला होता. साताऱ्यात माझ्या सुनेनं परवा कुकरमध्ये हुलगे शिजवले, तेव्हा घरभर तो वास शोधत मी उगाच फिरत राहिलो. नव्हता.

आप्पांकडे दुसरंही एक काम होतं. दसऱ्याच्या दिवशी बिरोबाच्या देवळापुढे ढोल वाजायचे, भंडारा उधळला जायचा, आणि अंगात आलेला माणूस पुढच्या दिवसांचं पाऊसपाणी सांगायचा. त्याला भाकणूक म्हणतात. हा मान आमच्या घराचा. आप्पांच्या आधी माझे आजोबा सांगत. कळप कधी हलवायचे, कोणत्या बाजूनं न्यायचे, थांबायचं की निघायचं, हे त्या शब्दांवर ठरे. पण ते शब्द कधी सरळ नसत. "उगवतीचं काळं, मावळतीचं पिवळं, थोरल्याचं थोरलं, धाकल्याचं धाकलं," असं काहीतरी आप्पा घोगऱ्या आवाजात म्हणत, आणि मग जाणती माणसं वडाखाली बसून त्याचा अर्थ लावत. संध्याकाळपर्यंत प्रत्येकाला आपापल्या सोयीचा अर्थ सापडे. काही निघत, काही थांबत. पुढे कुणाचं बरं झालं, कुणाचं वाईट झालं, तरी दोष अर्थ लावणाऱ्याचा. मला लहानपणी याचं हसू यायचं.

मी सांगलीला कॉलेजात होतो आणि मामांकडे राहत होतो. मामा फौजेतून सुभेदार होऊन आलेले. नदीकाठी थोडा ऊस, घरात कडक शिस्त, आणि बैठकीच्या खोलीत लाकडी दारं असलेला काळा-पांढरा टीव्ही. टीव्हीची दारं उघडायचा हक्क फक्त मामांचा. बातम्यांच्या शेवटी त्या दिवसांत एक नवंच चित्र दाखवायला लागले होते. भारताचा नकाशा पांढऱ्या रेघेनं काढलेला, आणि त्यावर ढगांचे पांढरे डाग. उपग्रहानं वरून काढलेला फोटो.

"नाम्या, मौसम लागलं! दौडत ये!" मामा ओरडायचे.

"पोराला घास तर गिळू द्या," मामी आतून.

"घास पळून जातोय व्हय? ढग पळून जाईल."

मामा छडी घेऊन पडद्यापुढे उभे राहत आणि लढाईचा नकाशा समजावावा तसं समजावत. हा डाग इथनं निघाला, काल इथं होता, आज इथं. मी भडंगाची वाटी हातात धरून बघायचो. आमच्या गावातल्या कुठल्याच माणसानं पाहिलं नव्हतं ते मी रोज पाहत होतो. हजारो कोसांवर काहीतरी टांगलेलं आहे, ते आपल्याकडे बघतं आहे, आणि त्याला जे दिसतं ते मला मामांच्या बैठकीत बसून दिसतं, या विचारानं माझा ऊर भरून यायचा. पुढे साताऱ्याच्या शाळेत भूगोल शिकवताना दर वर्षी मी फळ्यावर तो उपग्रह काढला. तो काढताना हात थोडा जड व्हायचा. मुलांना वाटायचं, सर चित्र फार जपून काढतात.

त्या वर्षी दसऱ्याला घरी जाण्याच्या आदल्या दिवशी पडद्यावर बंगालच्या बाजूला एक मोठं भोवऱ्यासारखं पांढरं आलं. त्याची शेपटी आमच्यापर्यंत पोहोचत होती. बातम्या देणारी बाई म्हणाली, दोन-तीन दिवसांत दक्षिण मध्य महाराष्ट्रात पावसाची शक्यता आहे.

"शक्यता-बिक्यता काय न्हाई," मामा म्हणाले. "सरकारी मानूस सरळ बोलत न्हाई. आला बघ हा. सीधा आला."

दुसऱ्या दिवशी मी आटपाडीवरून एसटीनं घरी गेलो. पाऊस लांबलेला, माळावर कुसळं करडी पडलेली. घरात मात्र गडबड होती. हिराक्काचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर लगेच धरलं होतं. हिराक्का आप्पांची एकुलती मुलगी, माझ्याहून वर्षानं मोठी. आमच्यात लग्नं उन्हाळ्यात होतात, कळप परत आल्यावर. पण नवऱ्या मुलाचा आजा अंथरुणाला खिळला होता आणि त्याला नातसून बघायची होती. म्हणजे माणसं नदीकाठी निघून गेलेली असणार, मांडव रिकामा राहणार, हे सगळ्यांनी धरलंच होतं. हिराक्का त्यावरून स्वतःच चेष्टा करायची. "माझ्या लग्नात अक्षदा टाकायला कुत्री आन् म्हातारी."

मी हातपाय धुवायला बसलो तर म्हणाली, "सांगलीचं पानी लागलं बगा ह्याला. साबन दोनदा लावतोय. आता भाकर चमच्यानं खानार."

दुपारी मी ओसरीवर टेकलो होतो. माग चालू होता. आप्पा वर न बघता म्हणाले, "नामा, तुझ्या मामाच्या पेटीत ढग दिसत्यात म्हनं."

"दिसतात. वरनं फोटो येतो आप्पा. आभाळाच्याही वरनं."

"म्हंजी ढगाची पाठ दिसती व्हय?"

"व्हय, पाठच."

"आमी जल्मभर पोटच बगत आलो," आप्पा म्हणाले आणि हसले. मग माग थांबला. थोरली आई दारात डोकावली, आप्पांनी तिला हातानंच आत जा म्हटलं.

पुढचं ते फार हळू बोलले. "उद्या उभं ऱ्हायचं हाय मला. तुला खरं सांगू का? बा गेल्यापास्नं मला कायबी ऐकू येत न्हाई. ढोल वाजला की अंग कापतं, ते खोटं न्हाई. पन आत बोलनारं कुनी न्हाई रं. बा म्हनायचा तेच पुढं-मागं करून म्हनतो. लोकं आशेनं तोंडाकडं बगत्यात. लय थकवा येतो." थोडं थांबून म्हणाले, "तुझ्या त्या वरच्याला काय दिसतंय?"

मी एकोणीस-वीस वर्षांचा होतो. ज्या माणसाच्या तोंडाकडे सगळा माळ बघायचा, तो माझ्या तोंडाकडे बघत होता. मी म्हणालो, "येतोय आप्पा. लय मोठा. दोन-तीन दिवसांत हितं येनार."

"नक्की?"

"मी डोळ्यांनी बघितलाय."

शक्यता हा शब्द मी गिळला. विसरलो नव्हतो, तो तोंडापर्यंत आला होता. पण तो शब्द उच्चारला असता तर मीही वडाखाली बसणाऱ्या म्हाताऱ्यांसारखाच झालो असतो, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी देवळापुढे भंडाऱ्यानं जमीन पिवळी झाली होती. ढोल टिपेला गेले, आप्पांचं अंग कापायला लागलं, काठी वर गेली आणि ढोल थांबले. नेहमीच्या काळ्या-पिवळ्याची वाट बघत माणसं कान देऊन उभी. आप्पा म्हणाले, "पाऊस दारात हाय. कळप हलवू नगा." एवढंच. इतकं सरळ वाक्य त्या जागी कुणी कधी ऐकलं नव्हतं. माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. ढोलवाल्यालाही सुचेना, मग कुणीतरी "बिरोबाच्या नावानं चांगभलं" म्हणालं आणि तो भानावर येऊन वाजवायला लागला. त्या दिवशी वडाखाली कुणी बसलं नाही. अर्थ लावायला काही ठेवलंच नव्हतं. माझे वडील वाघर सोडत होते, म्हणजे मेंढरांभोवतीची जाळी गुंडाळत होते. त्यांनी ती परत लावली.

ढग आला. खोटं नाही, आला. तिसऱ्या दिवशी उगवतीकडून आभाळ काळं झालं, गार वारा सुटला, मातीचा वास आला. अंगणातलं जळण थोरल्या आईनं आत घेतलं. टपोरे चार थेंब आप्पांच्या मागावर पडले आणि आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला अजून दिसते. त्यात आनंद होता आणि सुटका होती. मग वारा फिरला. दुसऱ्या दिवशी आभाळ धुतल्यासारखं निळं.

सुट्टी संपवून सांगलीला आलो तर मामा म्हणाले, "तो वर गेला रं. तिकडं लोकांची घरं वाहून गेली." पडद्यावर तो भोवरा खूप वर सरकला होता, फिकट झाला होता. आमच्या माळावर नकाशातली काळी जागा होती. मला वाटलं, आता गाव निघेल. पण गाव थांबलं. देवानं इतका स्पष्ट सांगितलेला पाऊस चार थेंब पाडून परत जाईल का? आणखी चार दिवस बघू, आणखी चार. अशी दिवाळी झाली, तुळशीचं लग्न झालं आणि हिराक्काचं लग्न आलं.

मांडव भरला. एवढी माणसं आमच्या दारात पूर्वी कधी जेवली नव्हती. गजीनृत्याचे दोन-दोन फेर झाले. हिराक्का हळदीनं पिवळी झालेली, पाटावर बसून माझ्या कानात म्हणाली, "नाम्या, कुत्र्यांला जागाच न्हाई रं उरली." मी हसलो. बाहेर मेंढरं ओरडत होती. त्यांच्या आवाजात तेव्हाच फरक पडला होता, चारा नसला की तो पडतो, आणि मांडवातल्या प्रत्येक माणसाला तो कळत होता.

लग्नानंतर कळप निघाले. नदीकाठच्या ठरल्या रानांत दुसऱ्यांची मेंढरं बसली होती. शेतकरी तरी किती वाट बघणार. आमची माणसं एका रानातून दुसऱ्या रानात हाकलली जात पाटणच्या डोंगरापर्यंत गेली. अंगात काही न उरलेली मेंढरं तिथल्या थंडीत रस्त्याकडेला पडत गेली. आमची पडली, सगळ्यांची पडली. हिराक्काच्या सासरचा कळप तर जवळजवळ संपला. उन्हाळ्यात माणसं परत आली तेव्हा त्यांना चालता चालता विचार करायला सहा महिने मिळालेले होते. का थांबलो? आप्पानं थांबवलं. आप्पानं का थांबवलं? मांडव आठवा. हिशेब इतका सोपा बसला, की तो खोटा असेल असं कुणाच्या मनात येण्याचं कारणच नव्हतं.

पुढच्या दसऱ्याला पंचांनी भाकणुकीची काठी दुसऱ्या घरात दिली. आप्पा मागच्या रांगेत, चपला सोडतात तिथे बसले. मी त्यांच्या शेजारी होतो. मी पुटपुटलो, "आप्पा, मी उठून सांगतो." त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवून दाबला. "बस. तू सांगितलंस ते तू बगितलं हुतंस. म्या सांगितलं ते म्या बगितलं न्हवतं." मी बसलो. त्यांचा हात जड होता असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आलो. तो हात मागावर चाळीस वर्षं चालून हलका झालेला होता. मला उठायचं असतं तर मी उठलो असतो.

आप्पा त्यानंतर फार वर्षं जगले नाहीत. मी शिक्षक झालो, साताऱ्यात घर बांधलं.

माझ्या थोरल्या भावाची नात प्राजक्ता आता बंगळूरला उपग्रहाच्या कामात आहे. तिचा उपग्रह ढग बघत नाही. तो पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवर, सूर्याकडे तोंड करून असतो. सूर्यावर वादळं होतात, तिथून सुटलेला वारा इथे येऊन थडकला की बिनतारी संदेश, विजेच्या तारा, सगळ्यात गोंधळ होऊ शकतो. त्याची वर्दी हा देतो. मी तिला विचारलं, म्हणजे कळतं ना तुम्हाला आधी? ती म्हणाली, "निघालंय एवढं कळतं आजोबा. आपल्याला लागेल की बाजूनं जाईल, आणि लागलं तर किती, ते पार जवळ आल्यावर, शेवटच्या तासाभरात. तोवर आम्ही शक्यताच सांगतो. लोक चिडतात." मी तिला आप्पांची गोष्ट सांगितली. घरातलं पहिलंच माणूस. ती म्हणाली, "मग हे हिराआजीला माहितीये का?"

मला लाज वाटली ती याची, की मी आयुष्यभर आप्पांचंच ओझं वाहत होतो. हिराक्काचा विचार मी केलाच नव्हता.

यंदाच्या दसऱ्याला प्राजक्तानं गाडी काढली. हिराक्काचं सासर आमच्या गावापासून थोडं पुढे. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. कळप संपल्यावर दोघांनी ऊसतोडीत उमेदीची वर्षं घालवली. अंगणात ती आणि तिची नणंद सोनाबाई हुलगे निवडत बसल्या होत्या. सोनाबाई पार थकलेली, कानाशी ओरडल्याशिवाय ऐकू न येणारी.

"आलं का सातारकर," हिराक्का म्हणाली. "चमचा आनलाय न्हवं?"

मी बसलो आणि सगळं सांगितलं. मध्ये थांबलो असतो तर पुन्हा बोलता आलं नसतं, म्हणून थांबलो नाही. तिचे हात सुपात तसेच राहिले.

मग म्हणाली, "ह्या घरात मला काय म्हनायची ठावं हाय का तुला? पाऊसखाई. हिच्या लग्नानं पाऊस खाल्ला. सासू म्हनली, दीर म्हनलं, ही सोनाबाई तर पानी मागायचं तरी 'पाऊसखाई, तांब्या आन' म्हनायची. आन् मला तेच खरं वाटायचं रं. माज्या हौसंपायी बानं देव इकला. तेंच्या शेवटाला मी गेले, तर तेंच्या तोंडाकडं नीट बगितलंबी न्हाई म्या."

मी म्हणालो, "आक्का, मला..."

"गप. ज्येंनी ऐकायचं ती मेली समदी." मग प्राजक्ताकडे वळून म्हणाली, "दाव गं पोरी, काय दिसतंय त्या वरनं."

प्राजक्तानं मोबाइल पुढे धरला. तितक्याच लांब उभ्या असलेल्या दुसऱ्या एका उपग्रहानं काढलेला पृथ्वीचा फोटो. अख्खी गोल, निळी, ढगांचे फराटे ओढलेली. हिराक्कानं पदरानं डोळे पुसून तो जवळ घेतला.

"ह्यात आमचा माळ कुठाय?"

"इतक्या लांबून नाही दिसत आजी."

"न्हाईच दिसायचा," ती म्हणाली आणि मोबाइल परत दिला. "नामा, तू लिवतोयस म्हनं काय तरी. ह्ये लिव. बाचं नाव घालून लिव."

लिहितो म्हणालो.

मग ती गुडघ्यावर हात रोवून उठली, सोनाबाईच्या जवळ गेली आणि तिच्या कानाशी वाकून ओरडली, "वन्सं! ऐकलंसा का? नामा काय म्हनतोय?"

"आं? काय म्हनतोय?"

"म्हनतोय, पाऊस म्या न्हाई खाल्ला!"

सोनाबाईचं निवडणं थांबलं. तिनं आधी हिराक्काकडे, मग माझ्याकडे पाहिलं, आणि विचारलं, "मग कुनी खाल्ला?"

हिराक्कानं माझ्याकडे बोट केलं नाही. ती नुसती बाजूला झाली. मी उठलो, सोनाबाईपाशी जाऊन खाली बसलो आणि तिच्या कानाशी तोंड नेलं.